जमिनीखालचं तेल वर का येत नाही? झाकण खडकाबद्दल थोडं सविस्तर

सुकाणू

नमस्कार मंडळी. परवा पुतणीच्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या एका काकांनी विचारलं, "तू समुद्रात तेलाच्या विहिरीवर होतास ना रे, मग खाली ते तेलाचं तळं असतं ते कसं दिसतं?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की म्हटलं एकदा बसून धागाच काढू.

तळं वगैरे काही नसतं. खाली दगड असतो आणि तेल त्या दगडाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं, पावसाळ्यात विटेत पाणी मुरतं तसं. मी बरीच वर्षं मड लॉगर होतो (विहिरीतून वर येणारा चिखल आणि दगडाचा चुरा तपासणारा), जुहूहून हेलिकॉप्टरने जायचं, १४ दिवस ड्यूटी १४ दिवस घरी. जास्त काम मुंबई हायवर, म्हणजे मुंबईपासून साधारण १६० किमी आत समुद्रात. साठच्या दशकात सोव्हिएत जहाजाने केलेल्या सर्वेक्षणात तिथे घुमटासारखी रचना दिसली होती, फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या खोदाईच्या रिगने तिथे तेल शोधलं आणि मे १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. तेल मुख्यतः चुनखडीत आहे, समुद्राच्या पातळीपासून सव्वा-दीड किलोमीटर खाली, आणि ती चुनखडी साधारण दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वीची.

आता मुद्दा. तेल कसं तयार झालं हे सगळे विचारतात, सूक्ष्म जीव, गाळ, उष्णता वगैरे शाळेत शिकवतातही. पण ते तिथे राहिलं कसं हे कुणीच विचारत नाही, आणि मला विचाराल तर खरी गोष्ट तीच आहे. कारण खालच्या सगळ्या खडकांच्या छिद्रांत पाणी भरलेलं असतं आणि तेल पाण्यापेक्षा हलकं, वायू तर त्याहून हलका, म्हणजे तयार झाल्या क्षणापासून त्याची वर सरकायची धडपड चालू. तयार झालेल्यापैकी बराच मोठा भाग वाटेत विखुरतो किंवा वर येऊन हवेत-समुद्रात निघून जातो. जिथे वाटेत झाकण आडवं आलं तिथेच थोडं अडकतं. त्या झाकणाला आम्ही कॅप रॉक किंवा नुसतं सील म्हणायचो, मराठीत झाकण खडक म्हणू.

मुंबई हायवर हे झाकण म्हणजे शेल, चिखलाचा दाबून दाबून झालेला खडक. ड्रिलिंग करताना तो लगेच कळतो. शेकरवर (हलणारी मोठी चाळण, तिच्यावर खालून आलेला चिखल आणि दगडाचा चुरा पडतो) राखाडी चिकट गोळे यायला लागतात, चाळण तुंबते, खाली बिटला (दगड फोडणारं टोक) माती चिकटून बसते आणि वेग पडतो, ड्रिलरची चिडचिड सुरू. तासन् तास तेच राखाडी. मग अचानक वेग वाढतो. पण चुरा लगेच हातात येत नाही, दीड किलोमीटरवरून चिखलाबरोबर वर यायला त्याला वेळ लागतो, आम्ही त्याला लॅग म्हणतो, तेवढा वेळ घड्याळाकडे बघत बसायचं. आणि मग शेकरवर पांढरट-पिवळट खडे. बशीत धुऊन अ‍ॅसिडचा एक थेंब टाकला की फसफसतात, म्हणजे चुनखडी. तीच बशी अतिनील दिव्याच्या काळ्या पेटीत सरकवायची आणि डोळा लावायचा, मगाशी मेलेले पांढरट खडे दिसत होते आणि आता काही खडे सोनेरी पिवळे चमकतायत. तेल!! कितीही वेळा बघितलं तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

दोन बशा शेजारी ठेवल्या तर मधे काही मिनिटांचं ड्रिलिंग, फार तर काही मीटर. एका बशीत काहीच नाही, दुसरीत लाखो वर्षांपासून कोंडलेलं तेल. तेवढंच अंतर आहे झाकणात आणि साठ्यात.

मेघना_त

मस्त लिहिलंय दादा, आणखी येऊ द्या. एक शंका, शेल पण दगडच ना? मग त्यालाही छिद्रं असणारच, तुम्हीच म्हणताय चिखलापासून झालाय. मग लाखो वर्षांत तेल त्यातून पाझरून जायला हवं ना? लाख वर्षांत तर काहीही पाझरेल.

सुकाणू

मेघनाताई, हाच प्रश्न विचारायला हवा, धन्यवाद. शेलला छिद्रं असतात, चांगली भरपूर असतात, कधी कधी एकूण जागा बघितली तर साठ्याच्या खडकाएवढी. फरक छिद्र किती आहेत यात नाही, छिद्रातून छिद्रात जायची वाट किती अरुंद आहे यात आहे.

चांगल्या वालुकाश्मात ती वाट काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) ते काही दहा मायक्रॉन. शेलमध्ये काही दहा नॅनोमीटर, म्हणजे हजारपट बारीक. आणि ती वाट रिकामी नाहीये, पाण्याने भरलेली आहे, ते पाणी खडकाच्या कणांना घट्ट धरून बसलंय. तेलाच्या थेंबाला आत शिरायचं तर ते पाणी ढकलायला लागतं आणि थेंबाला स्वतःचं अंग आवळून घ्यायला लागतं. वाट जितकी अरुंद तितका जोर जास्त. याला केशिकादाब म्हणतात, तोच झाकणाचा खरा जोर.

थोडा हिशोब करून दाखवतो, मला हा हिशोब आवडतो. वाटेची त्रिज्या १० नॅनोमीटर धरा आणि तेल-पाण्यातला पृष्ठताण नेहमीचा, तर आत शिरायला साधारण ६० बार दाब लागतो (एक बार म्हणजे साधारण आपल्यावर असतो तेवढा हवेचा दाब). आता तेलाकडे जोर किती आहे? तो फक्त हलकेपणाचा. तेल आणि पाणी यांच्या घनतेत दर घनमीटरला २०० किलोचा फरक धरला तर १०० मीटर उंचीचा तेलाचा थर झाकणावर फक्त २ बारने ढकलतो. दोन विरुद्ध साठ! म्हणजे असं झाकण सैद्धांतिक हिशोबाने तीन किलोमीटर उंच तेलाचा थर सुद्धा थोपवेल. वाट दहापट मोठी, १०० नॅनोमीटर धरली तर ३०० मीटर. वायू मात्र चिवट, तो इतका हलका असतो की तेवढ्याच उंचीला तेलाच्या चौपट जोराने ढकलतो, त्यामुळे वायू-पाण्यातला पृष्ठताण जास्त असूनही त्याच १०० नॅनोमीटरच्या झाकणाखाली सव्वाशे मीटरच्या आसपास गाडी अडते.

म्हणजे "लाख वर्षांत काहीही पाझरेल" हे इथे लागू होत नाही. दाब त्या रेषेच्या खाली असेल तर एक वर्ष काय आणि कोटी वर्षं काय, तेल तसं आत शिरतच नाही. (वायू पाण्यात विरघळून अगदी हळू हळू निसटतो, ते वेगळं.)

पाझर_तलाव

मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालोय, तेलातलं काही कळत नाही पण हे वाचून हात शिवशिवले म्हणून लिहितो. आमच्या मातीच्या धरणात हेच असतं. मधे काळ्या मातीचा गाभा, त्याला हार्टिंग म्हणायचं, दोन्ही बाजूंनी मुरमाड केसिंग. काळी माती ओली झाली की फुगते आणि घट्ट बसते, मग पाण्याला वाट नाही. पण ती थरथराने रोलर फिरवून दाबायला लागते, ओल बरोबर हवी, जास्त नको कमी नको. मुठीत लाडू वळला आणि फुटला नाही की ठीक, हातावर पाण्याचा ओघळ आला की जास्त. एका ठिकाणी गाभ्यात झाडाची मुळी राहिली होती, कुजून गेली, तिच्या जागी बोटाएवढी पोकळी, आणि दोन वर्षांनी खालच्या बाजूला तिथूनच पाझर सुरू. सगळा गाभा चांगला, एक मुळी वाईट. तेलाच्या झाकणाचंही असंच असतं का हो?

आणि दुसरं म्हणजे आपल्याकडच्या दगडाला डेक्कन ट्रॅप म्हणतात, ट्रॅप म्हणजे सापळाच ना? मग आपल्या महाराष्ट्राखाली बेसाल्टच्या सापळ्यात तेल असेल का?

सुकाणू

काका, मुळीचं उदाहरण इतकं अचूक आहे की मी ते चोरणार आहे. हो, असंच असतं. झाकण सरासरीने किती चांगलं आहे याला अर्थ नाही, सगळ्यात कच्ची जागा कुठे आहे त्यावर सगळं ठरतं. कुठे वाळूचा पट्टा मधे आला, कुठे प्रस्तरभंग (खडक तुटून सरकलेली भेग) आहे, संपलं. प्रस्तरभंगाचं तर दोन्ही बाजूने असतं. कधी तोच वाट करून देतो, कधी भंगाच्या फटीत शेल चिखलासारखं घासलं जाऊन तोच उभं झाकण बनतो. कुठला भंग गळतो आणि कुठला अडवतो हे ओळखणं या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम.

आता ट्रॅप. यात सगळेच फसतात, मी पण कॉलेजात फसलो होतो. डेक्कन ट्रॅपमधला ट्रॅप हा सापळा नाही, तो स्वीडिश 'ट्राप्पा' म्हणजे पायरी. घाटात उभं राहून समोरचा कडा बघा, एकावर एक पायऱ्या दिसतात ना, लाव्हाचे थर, त्यावरून. तेलाचा ट्रॅप म्हणजे मात्र सापळा, शब्द दिसायला एकच.

पण प्रश्न चांगला आहे. बेसाल्ट घट्ट असतो, झाकण म्हणून चालेलही, पण नुसत्या झाकणाने काय होणार, खाली काही हवं ना. कोयनेला वैज्ञानिक खोदाई झाली तेव्हा ९३० मीटरच्या आसपास बेसाल्ट संपला आणि त्याच्या खाली थेट ग्रॅनाइटी खडक लागला, मधे गाळाचा थरच नाही. किल्लारीला भूकंपानंतर ६१७ मीटर खोल विहीर घेतली, त्यात ३३८ मीटर बेसाल्ट, खाली जेमतेम ८ मीटर गाळ, मग जुना पाया. या दोन ठिकाणी तरी तेल बनवायला कच्चा मालच नाही. कच्छ-सौराष्ट्राकडे बेसाल्टखाली जाड जुना गाळ आहे आणि तिकडे शोधही घेतात, पण खालचं बघायला मुद्दाम सोडलेल्या भूकंपलहरी बेसाल्टमध्ये विखुरतात त्यामुळे खालचं चित्र धुरकट येतं.

मुंबई हायला तर डेक्कन ट्रॅप झाकण नाहीच, तो तळाला आहे! चुनखडीच्या खूप खाली, आणि त्याच्या भेगांतही थोडं तेल मिळालंय. तेल बनलं आजूबाजूच्या खोलगट भागातल्या जुन्या शेलमध्ये, तिथून सरकत सरकत उंचवट्याकडे आलं.

मेघना_त

म्हणजे शेल तेल बनवतो पण आणि अडवतो पण?

सुकाणू

हो. खोल दबलेला, जैविक पदार्थांनी भरलेला शेल बनवतो, आणि वरचा शेल अडवतो. भट्टीही चिखलाची आणि झाकणही चिखलाचं.

अजून एक गोष्ट राहिली, झाकण सपाट असून भागत नाही. घरी करून बघा, भांडी घासताना पातेलं उपडं करून पाण्यात दाबलं की आत हवा अडकते. पातेलं थोडं कलतं केलं की कडेने एक बुडबुडा सुटतो. तेलाचंही तसंच, झाकणाला उपड्या वाटीचा आकार हवा, अपनती म्हणतात तिला. वर वायू, मधे तेल, खाली पाणी, आणि वाटीची सगळ्यात खालची कड आली की त्यापुढचं तेल बाजूने निसटून पुढच्या वाटीकडे. मुंबई हायची वाटी अशीच लांबट आहे, आणि पूर्वेची बाजू प्रस्तरभंगाने तुटलेली.

वाळवंटी

सौदीतून लिहितोय, पूर्व भागात १२ वर्षं झाली. धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे झाकण शेलचं नाही, अ‍ॅनहायड्राइटचं, म्हणजे जिप्समच, फक्त त्यातलं पाणी निघून गेलेलं. जुरासिक काळात इथे उथळ समुद्र होता, आटायचा, परत भरायचा, परत आटायचा, प्रत्येक वेळी तळाला चुनखडी आणि वर आटलेल्या पाण्याचा अ‍ॅनहायड्राइट. साठा, झाकण, साठा, झाकण, चवड लावल्यासारखी. १९३८ मध्ये दम्मामच्या ७ नंबरच्या विहिरीत तेल लागलं ते याच थरांत, त्यांना अरब फॉर्मेशन म्हणतात, आणि घवार, जगातलं सगळ्यात मोठं क्षेत्र, १९४८ मध्ये सापडलं, तिथेही हेच. हातात घेतला तर निळसर राखाडी, संगमरवरासारखा, नखाने ओरखडा निघत नाही. शेलला छिद्रं असतात तरी, याला जवळजवळ नसतातच.

सुकाणू

वाळवंटी, वा! मीठ-अ‍ॅनहायड्राइट म्हणजे झाकणातले राजे. मिठाची खुबी अशी की खोलीवर, दाबाखाली ते घट्ट राहूनही हळू हळू वाहतं, भेग पडली तरी स्वतःच मिटवतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या वायूवर असंच जाड मिठाचं झाकण आहे, १९५९ मध्ये सापडला. तिथे झाकण शाबूत राहिलं पण वायू उपसल्यावर खालचा वालुकाश्म दबला आणि घरं हलायला लागली, २०१२ मध्ये ३.६ चा भूकंप झाला, शेवटी क्षेत्र बंद करावं लागलं.

रानजाई

मी शास्त्रातली नाही पण एक आठवलं. आईला घेऊन हिमाचलात ज्वालामुखी देवीला गेले होते, तिथे मूर्ती नाही, खडकाच्या फटीतून ज्योती निघतात आणि त्यांचीच पूजा होते. निळसर ज्योत, वारा आला की झुकते आणि परत उभी राहते. आई कितीतरी वेळ हात जोडून बघत होती. ती म्हणजे झाकण गळतंय असंच ना?

सुकाणू

होय ताई, तो नैसर्गिक वायूच आहे. हिमालयाच्या पायथ्याचे खडक चेपून, मोडून, एकमेकांवर चढलेत, तिथे फटी राहणारच, त्यातून वायू वर येतो. आणि तेल शोधणारे लोक अशा जागा आधी बघतात, ज्वालामुखीला १९५७ मध्येच तेलासाठी खोदाई सुरू झाली होती. अझरबैजानमधल्या बाकूला आतेशगाह या अग्निमंदिरात अशीच ज्योत होती, तिथे आपल्याकडचे व्यापारी जायचे, देवनागरीत कोरलेले लेख आहेत अजून. आसपासचं तेल-वायू उपसल्यावर ती विझली, आता पाइपने गॅस आणून पेटती ठेवतात.

मला यात विरोध वाटत नाही. आई ज्या ज्योतीपुढे हात जोडून उभ्या होत्या ती कोट्यवधी वर्षं अंधारात थांबून मग उजेडात आलेली आहे, हे कळल्यावर माझे तरी हात आणखी जुळतात.

निरंजन_ठाणे

मग एवढी चांगली झाकणं आहेत तर कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड खाली कोंडून टाकायचा, प्रश्न मिटला. लोक उगाच घाबरतात असं माझं मत.

सुकाणू

निरंजन, अर्धं बरोबर. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनरला १९९६ पासून हेच करतायत, सुरुवातीची बरीच वर्षं वर्षाला दहा लाख टनांच्या घरात, समुद्रतळाखाली ८०० ते १००० मीटरवरच्या वालुकाश्मात, वर शेलचं झाकण. ठराविक वर्षांनी भूकंपलहरींनी चित्र घेतात, त्यात वायू वर चढून पातळ शेलच्या पट्ट्यांखाली पसरलेला स्वच्छ दिसतो. निसर्गाचं झाकण काम करतं यात मला शंका नाही, ज्या झाकणाने कोटी वर्षं तेल धरलं त्याने परीक्षा दिलेली आहे.

पण त्या झाकणाला आपण भोकं पाडलेली असतात त्याचं काय? प्रत्येक विहीर म्हणजे काकांच्या धरणातली एक मुळी. आम्ही लोखंडी केसिंग म्हणजे नळी घालतो, केसिंग आणि खडक यांच्यामधे सिमेंट भरतो, तेच आता झाकण. ते नीट बसलं की नाही हे ध्वनीच्या यंत्राने तपासतात, बाँड लॉग म्हणतात.

एक अनुभव सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. एका विहिरीत शेलच्या भागातच बाँड लॉग वाईट आला होता, सरळ दिसत होतं की केसिंगला सिमेंट धरलेलं नाही. मी लेखी दिलं. रिगचं रोजचं भाडं प्रचंड असतं, सगळ्यांना पुढे जायची घाई, "चालेल" म्हणून पुढे गेले. काही महिन्यांनी दोन केसिंगच्या मधे दाब चढायला लागला, मग परत रिग आणून, केसिंगला भोकं पाडून, दाबाने सिमेंट घुसवलं. कुणाला इजा झाली नाही, पण मला त्याचा राग आजही आहे. कोटी वर्षं टिकलेलं झाकण आपण दोन दिवस वाचवायला कच्चं ठेवतो. म्हणून निरंजन, कार्बन कोंडायला माझा पाठिंबा आहे, पण आधी त्या भागातल्या प्रत्येक जुन्या विहिरीचं सिमेंट तपासा, एकही न सोडता.

निरंजन_ठाणे

पटलं. जुन्या विहिरींचा विचारच केला नव्हता.

मेघना_त

दादा, मी आठवीच्या वर्गाला शिकवते, हा धागा वाचून वर्गात प्रयोग केला, काल आणि आज. काचेची उभी बरणी, तळाशी सलाइनची नळी सोडली, तिच्यातून सिरिंजने गोडं तेल ढकलायचं. काल नेहमीची बारीक वाळू ओली करून भरली तर तेल वर यायलाच तयार नाही, नळीच्या तोंडाशीच बसलं. मुलं हिरमुसली पण मग मी तुमचं अरुंद वाटेचं सांगितलं, बारीक वाळूच झाकण झाली होती ना!

आज फिशटँकमधली बारीक खडी घातली, वर गणपतीची उरलेली शाडू माती मळून तीन बोटं जाड थर, त्यावर पाणी. तेल खडीतून टपाटप वर चढलं आणि शाडूखाली पिवळी चकती जमली. सगळा तास जमून राहिली, वरच्या पाण्यात एक थेंब नाही. मग मधल्या सुट्टीनंतर बघतो तर वर तेलाचा तवंग. माती मधे कुठेच फुटली नव्हती, एका मुलीने टॉर्च लावून शोधलं, तेल काच आणि माती यांच्यामधून एका बारीक रेषेने वर गेलं होतं, तिथे शाडू काचेला चिकटलाच नव्हता.

सुकाणू

मेघनाताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. काच म्हणजे केसिंग आणि शाडू म्हणजे सिमेंट, तिने टॉर्चने बाँड लॉग घेतला. माझ्या त्या विहिरीत अगदी हेच झालं होतं.

परत कराल तेव्हा बरणी आतून कोरडी पुसा, शाडू आधी पातळ कालवून बोटाने काचेला लेप द्या, मग वरून घट्ट थर. आम्हीही सिमेंटच्या आधी केसिंगबाहेरचा चिखल धुऊन काढतो, तो राहिला की सिमेंट धरत नाही. आणि तेल सोडायच्या आधी रात्रभर तसंच राहू द्या.

मेघना_त

सोमवारी करते. लेप द्यायचं काम तिलाच देते.